साखरपाण्यातली सहा अंडी

दुआर्ते चीनमधल्या यांगपिंग गावात बसमधून उतरला, तोच एक राजहंस मान ताणून त्याच्यावर धावला. दुआर्तेनं समोरच्या तीनचाकीत उडी घेतली. थेट टोफूच्या टोपलीत.

"नवे मास्तर ना?" तीनचाकीवाली सुईलान शांतपणे म्हणाली. "आता निदान हलू तरी नका."

या गोष्टीला वर्ष झालं. शाळेतली नोकरी संपली होती. उद्या सकाळी परतीची बस.

वर्षभर गावानं त्याला एकटं म्हणून सोडलं नव्हतं. शेजारणी दार न वाजवता आत यायच्या, त्याचा स्वेटर चिमटीत धरून "एवढ्यानं मरशील रे" म्हणायच्या, मग पगार, वजन आणि लग्न, याच क्रमानं विचारायच्या. लिस्बनला भिंतीपलीकडच्या माणसानं नऊ वर्षांत त्याचं नावही विचारलं नव्हतं. म्हणून आज तो घरोघर आभार मानत फिरला. अकरा घरं, अकरा जेवणं.

बारावं घर सुईलानचं. तिच्याशी तो रोज बोलायचा… फक्त जे बोलायचं ते सोडून.

तिच्या आईनं, ताओकाकूंनी, वाडगा पुढे ठेवला. गरम साखरपाण्यात सहा अंडी.

"काकू, खूप आभार! पण पोटात तीळभर जागा नाही."

काकूंनी वाडगा उचलला. सुईलान अंगणात जाऊन जातं फिरवू लागली. जात्यात सोयाबीनचा एकही दाणा नव्हता.

"काय झालं?" तो मागोमाग आला.

"काही नाही. मुलगा पसंत नसला की आमच्याकडे नुसता चहा देतात. पसंत असला की अंडी. त्यानं खाल्ली, की त्याचाही होकार."

"म्हणजे मी आत्ता…"

"नकार दिलात. पोट भरल्यामुळे."

"काकूंना मी पसंत आहे?"

"आईला तुम्ही हडकुळे वाटता." जातं थांबलं. "अंडी करायला — मी सांगितलं."

तो आत पळाला. ताओकाका वाडगा घेऊन बसले होते, एक गाल फुगलेला.

"काका, थांबा!"

"एकच गेलं," काका म्हणाले. "माझं लग्न झालंय, ते धरू नका."

दुआर्तेनं उभ्याउभ्याच पाच अंडी खाल्ली. डोळ्यांत पाणी आलं, ते आनंदाचं की बाराव्या जेवणाचं, कुणी विचारलं नाही. दारात सुईलान हसू दाबत उभी होती.

"आणि उद्याची बस?"

"जाऊ दे तिला… एकटी जाईल. काकू, तुमचे कसे आभार—"

"घरच्यांचे आभार मानतात होय?" काकू डाफरल्या. "आणि लग्नाच्या कामात पाचाचा आकडा नको, जोडीचा हवा."

त्यांनी सहावं अंडं फोडलं.