रिकाम्या जागांचे फोटो

फोटो मुलांच्या नजरेच्या उंचीवर लावायचे, हे आत्याने सुताराला बजावून सांगितलं होतं. तरी त्याने सवयीप्रमाणे मोठ्यांच्या उंचीवर ठोकायला सुरुवात केली. ती आली तेव्हा अर्धी भिंत भरली होती. तिने कपाळावर हात मारला.

"अहो, प्रदर्शन मुलांचं आहे. मोठ्यांना बघायचं असेल तर बसतील खाली."

"मोठी माणसं बसत नाहीत बाई, पुढे जातात," सुतार पुटपुटला आणि खिळे उपटायला लागला.

आत्या फोटोग्राफर, आणि हट्टाला पेटली की कुणाच्या बापाचं ऐकायची नाही. वर्षभर ती मुलांना गोष्टी विचारत हिंडली होती. गोष्ट जिथे घडते असं मूल सांगे, ती जागा ती टिपायची. माणूस नाही, प्राणी नाही, नुसती जागा: जिना, पाण्याची टाकी, शाळेमागची भिंत. फोटोखालच्या कार्डावर मुलाच्याच शब्दांत गोष्ट. उरलेलं बघणाऱ्याने मनाने भरावं.

एकच कार्ड कोरं होतं. तिच्या भाचीचं, चिमणीचं. सहा वर्षांची ही पोर आई गेल्यापासून एक अक्षर बोलली नव्हती. बाप नोकरीपायी दूर, म्हणून ती आत्याकडे राही. डॉक्टर म्हणाले, घसा ठणठणीत आहे, वाट बघा. वाट बघून बघून आत्या रडकुंडीला आली होती. गोष्ट विचारल्यावर चिमणीने तिला बोटाला धरून जुन्या स्वयंपाकघरात नेलं, खिडकीखालचं स्टूल दाखवलं आणि गप्प उभी राहिली. आत्याने ते रिकामं स्टूल टिपलं.

फोटो खाली आले. शेवटचा खिळा मारायला सुतार उकिडवा बसला आणि तसाच थांबला.

"बाई, जिन्याखाली काय ठेवलं होतंत? करडं काहीतरी दिसतंय."

त्या कार्डावर लिहिलं होतं: 'जिन्याखाली एक हत्ती राहतो. त्याला अंधाराची भीती वाटते.'

आत्या वाकली. जिन्याखाली खरंच काही तरी करडं होतं, सुरकुत्यांचं. ती उभी राहिली, तर जागा रिकामी. "काचेवर सावली पडतेय," ती म्हणाली आणि दिवे हलवले. सुताराने हत्यारं भराभर आवरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रदर्शन उघडलं. मोठी माणसं उभ्या उभ्या 'छान, छान' म्हणत पुढे सरकत होती. मुलं हलायला तयार नव्हती. एक मुलगी टाकीच्या फोटोला हात हलवून टाटा करत होती. भिंतीच्या फोटोसमोरची दोघं अंग चोरून बाजूला झाली, कुणाला तरी वाट दिल्यासारखी.

"काही नाहीये तिथे, चला," त्यांच्या आईने दटावलं.

उजेडाचाच खेळ, आत्याने स्वतःला समजावलं.

तेवढ्यात मागून आवाज आला. घोगरा, न वापरलेला.

"आत्या, खाली बस ना."

चिमणी आपल्या फोटोसमोर मांडी घालून बसली होती.

आत्या मटकन खाली बसली. तिच्या डोळ्यांना धारा लागल्या.

"लिहून घे," चिमणी म्हणाली. "एक मुलगी होती. तिने आपला आवाज आईबरोबर पाठवला. आईला तिकडे करमणार नाही म्हणून."

आत्याने कोरं कार्ड मांडीवर घेतलं. पेन उघडून ती लिहू लागली.

"मग आई म्हणाली, आता आवाज परत घेऊन जा. आत्या घरात एकटीच बडबडते." चिमणी थांबली. फोटोकडे कान देऊन तिने मान डोलावली. "नाही, चुकलं. बिचारी आत्या, असं लिही."

मान वर करायचा आत्याला धीर झाला नाही. डोळ्याच्या कोपऱ्यातून तिला एवढंच दिसलं, की स्टुलावर खिडकीचा उजेड पडत नव्हता. तिने फोटो टिपला तेव्हा पडला होता.

"आत्या, वन्सं म्हणजे कोण गं?"

पेन थांबलं.

भावजय तिला नावानेच हाक मारी. वन्सं ही दोघींमधली थट्टा, फोनवरची, चिमणीच्या जन्माआधीच संपलेली.

"का गं?" तिने कसंबसं विचारलं.

"आई म्हणतेय, वन्संना म्हणावं, रडणं पुरे. अक्षर फिसकटतंय."