पेवातली शांतता

मुलाखत संपली की पुनम सगळ्यांना अर्धं मिनिट गप्प बसवायची आणि त्या जागेची नुसती शांतता ध्वनिमुद्रित करायची. पुढं बोलण्याचे तुकडे जोडताना मधल्या फटीत हीच शांतता भरली की सांधा ऐकू येत नाही. फिजिक्सची पदवी घेतलेली पुनम ठामपणानं सांगे, प्रत्येक जागेची शांतता वेगळी असते. तिच्याबरोबर काम करणारा हमजा म्हणायचा, "गप्प बसायचे धडे आमच्याकडं मोफत मिळतात."

गाव सोडून नांदेड-लातुरात आलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात घ्यायच्या आणि तीन-तीन मिनिटांच्या फिल्म करायच्या, हे त्यांच्या गटाचं काम. देगलूर नाक्यावरच्या जाहिदाबी त्यांत सगळ्यांत थोरल्या. निजामी गेली त्या साली त्यांनी देगलूरकडचं गाव सोडलं, तेव्हा त्या आठ-नऊ वर्षांच्या होत्या.

गावाबद्दल बोलताना त्यांचा चेहरा उजळायचा. शेजारची रत्नम्मा तेलुगूत लाडानं रागवायची आणि गरम भाकरीवर चिंचेचा ठेचा घालून द्यायची. उन्हाळ्यात पेव उघडलं, म्हणजे ज्वारी साठवायचा जमिनीतला खोल खड्डा, की आंबूस वास गल्लीभर पसरायचा. आणि अम्मीचा ताला, तोंडाला लावायचं कुलूप. पोरांनी कलकलाट केला की अम्मी त्यांच्या ओठांवर बोट फिरवायची; ताला लागला. ती परत बोट फिरवेपर्यंत कुणी हूं की चूं करायचं नाही. धाकटी जेबा, चार वर्षांची, यात सगळ्यांत पक्की. एकदा मधमाशी डसली तरी ती बोलली नव्हती.

गावात गडबड झाली त्या संध्याकाळी अम्मीनं जेबाला रिकाम्या पेवात उतरवलं, ओठांवर बोट फिरवलं आणि इतर पोरांना लपवायला गेली. परत फिरायला रस्ता उरला नाही. महिन्यानं अब्बा गावात परत गेले, तेव्हा पेव मातीनं बुजवलेलं होतं. कुणी बुजवलं आणि आधी आत कुणी पाहिलं का, ते कुणीच सांगितलं नाही.

बंद पेवात विषारी हवा साचते, म्हणून उतरण्याआधी लोक दिवा सोडून बघतात, हे पुनमला ठाऊक होतं. 

जाहिदाबी म्हणाल्या, "अम्मी गेली, तेव्हा हेच म्हणत गेली बेटा. लावलेला ताला तसाच राहिला. आता घरातली मी एकटी उरले. माझे गुडघे तिथवर न्हाई जात."

म्हणून पुनम आणि हमजा गावाला गेले. भुजंग नावाच्या शेतकऱ्यानं त्यांना बुजलेल्या पेवाची जागा दाखवली; जुन्या गल्लीचं आता रान झालं होतं. शेजारी पाण्याची मोटर चालली होती, बाभळीवर पोपट ओरडत होते. भुजंग हळू आवाजात म्हणाला, "हितं आलं की बोलावंच वाटत न्हाई, बगा."

पुनमनं अर्धं मिनिट शांतता घेतली.

घरी ऐकताना तिच्या लक्षात आलं, मोटर नव्हती. पोपट नव्हते. हमजा म्हणाला, माईक बंद राहिला असेल. पण पडद्यावरची आवाजाची रेघ अगदी सपाट नव्हती. माईकमध्ये बिघाड असावा, असं पुनमनं ठरवलं.

काही दिवसांनी, एका दुपारी जाहिदाबींना फिल्म दाखवली. मोटर-पोपट नसलेली ती शांतता स्वच्छ होती, म्हणून सांध्यांत तीच भरली होती. पहिल्याच सांध्याला त्यांनी हात वर केला.

"हे काय लावलं?"

"काही नाही, नानी. नुसती शांतता."

"हाव, पण कुणीतरी चूप बसलंय."

पुनमला असं पुराव्याशिवाय पटायचं नाही. तिनं गोदाकाठची, लातूरच्या एका अंगणाची, विष्णुपुरीच्या धरणाजवळची शांतता काढली, त्यांत ती एक मिसळली आणि काही न सांगता एकामागून एक लावली. इतर वेळी जाहिदाबी सुपारी कातरत राहिल्या. त्या एकीला मात्र अडकित्ता थांबला. पुनमनं क्रम बदलला. पुन्हा तिथंच थांबला.

मग त्यांनी सुपारी खाली ठेवली आणि लॅपटॉप पलंगावर ओढून घेतला.

"परत लाव."

हमजानं लावलं.

जाहिदाबींनी बोट पुढं केलं आणि हवेतच, एका लहान तोंडाच्या उंचीवर, हलकेच फिरवलं.

"जेबा. अम्मीनं सांगितलंय. ताला खुल गया. अब बोल, बेटा."

कुणी बोललं नाही.

मग एक श्वास सुटला. कितीतरी वेळ कोंडलेला, लांब, थरथरता.

पुनमनं पडद्याकडं पाहिलं. अर्धं मिनिट केव्हाच संपलं होतं, रेघ थांबलेली होती.

हमजानं लॅपटॉप मिटला.   जाहिदाबी पलंगावर भिंतीकडं सरकल्या, शेजारी जागा केली आणि तिथं गोधडी ओढून घेतली. आत्ताच कुणाला तरी निजवल्यासारखी त्यांनी ती थोपटली. त्यांचा चेहरा इतका निवांत पुनमनं आधी पाहिला नव्हता.

थोड्या वेळानं त्यांना झोप लागली. गोधडी खाली घसरत होती म्हणून पुनम ती सावरायला वाकली.

रिकाम्या बाजूची गादी गरम होती.

तिनं हात काढून घेतला. गोधडी मात्र तिच्या हातून सुटली तरी खाली पडली नाही. आतून कुणीतरी ती धरून ठेवली होती.