साडेअकराचा फोन

“मुकी आहे का गं तुझी सून? नवरा परदेशी निघाला, नि हिच्या डोळ्यांत टिपूस नाही!”

साल्कीन आत्याबाई बैठकीत कुजबुजल्या, जीपारनं ऐकू नये म्हणून. पण ती दाराआडच चहा ओतत होती. लग्नाला जेमतेम महिना झालेला. नव्या सुनेनं हळू बोलायचं, नवऱ्याचं नाव तर घ्यायचंच नाही, ही किर्गिझस्तानातल्या ओशकडची रीत.

“रडायचं कशाला?” सासू म्हणाली. “दहाला विमान उडालं, साडेअकराला मॉस्को. तिकिटावरच छापलंय. दीड तासाची तर वाट!”

जीपारला हसू आलं. मॉस्कोचं घड्याळ इथल्याहून तीन तास मागं. तीन हजार किलोमीटर, साडेचार तासांची वाट. पण सासूची चूक काढणार कोण? आत्याबाईंचा प्याला काठोकाठ भरावा असं मात्र फार वाटलं. पाहुण्याला भरला प्याला देणं म्हणजे ‘उठा आता’. तिनं अर्धाच भरला नि बैठकीत नेला.

साडेअकराच्या ठोक्याला सासूचा फोन वाजला. अनोळखी नंबर. सासूनं स्पीकर लावला.

“आई... पोचलो.”

आवाज त्याचाच.

“बघ! मिनिटाचा फरक नाही!” सासूनं टाळी वाजवली. जीपारच्या हातातली किटली मात्र तिथंच थांबली. यावेळी विमान माळरानावरच्या ढगांत असायला हवं. आवाजामागं ना माणसांची वर्दळ, ना घोषणा... फक्त वारा. लांबच लांब, एकसुरी.

“जेवलास का रे?”

“भूक लागलीय, आई... भिंतीवरची रोटी उतरव.”

सकाळी उंबरठ्यावर त्यानं त्या रोटीचा एक घास तोडला होता. उरलेली खिळ्याला टांगायची, परतल्यावर त्यानंच संपवायची; तोवर कुणी शिवायचं नाही. माणूस घराशी बांधलेला राहतो तो तिनंच.

“अरे, आल्यावर खाशील ना?”

“तुम्ही खा, आई... वाटून खा. मला पोचतं.”

आत्याबाईंचा चेहरा उतरला. असं वाटून मेलेल्याच्या नावानं खातात, ते त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण सासूला लेकाची भूक तेवढी ऐकू आली. डोळे पुसत ती स्टुलावर चढली.

बाहेर टळटळीत ऊन होतं. खिडक्या बंद. तरी रोटी हलत होती. जीपारनं नीट पाहिलं. सकाळी एकच घास तुटला होता... आता दोन होते. दुसऱ्याची कड अजून ओली होती.

“लवकर, आई...” फोनमधून आलं.

जीपारनं सासूचं मनगट धरलं.

“हात लावू नका, आई!” तिचा आवाज घरभर घुमला. “एल्दियार अजून आकाशात आहेत. अजून तीन तास ते कुठंच पोचत नाहीत!”