चिबडातलं झाड

येळवशीच्या दिवशी मुरुमच्या बाजारपेठेत चिटपाखरू नसतं. दुकानांची शटरं खाली, स्टँडवर दोन कुत्री, आणि जो तो डोक्यावर टोपलं घेऊन रानाकडं. या अमावास्येला माणूस आपल्या शेतात दिसला नाही तर तो एकतर आजारी आहे नाहीतर नोकरीला आहे, असं इथं धरून चालतात. शिवांजली नोकरीलाच होती, पण या दिवशी ती काहीही करून रजा काढायची. भूमिअभिलेख खात्यात ती भूकरमापक होती. लोकांच्या जमिनी मोजायच्या आणि कुणाची हद्द कुठं संपते ते दाखवायचं, हे तिचं काम. नऊ वर्षांत तिला एक खोड जडली होती. कुणी काहीही सांगितलं की ती आधी कागद मागायची. घरात या खोडीची यथेच्छ टिंगल व्हायची, आणि त्यात सगळ्यात पुढं असायचा तिचा धाकटा भाऊ धुळाप्पा.

स्टँडवर तिला घ्यायला तोच यायचा होता. सोमवारी फोनवर म्हणाला होता, "अक्का, आंबील शिंपडायला नवा मातीचा बिंदगा आणलाय. तू आल्याबिगर फेरी न्हाय." तिनं अर्धा तास वाट बघितली. फोन लावायला गेली तर यादीत त्याचं नावच सापडेना. मोबाईल गेल्याच महिन्यात बदलला होता, तेव्हा दुकानदारानं काहीतरी घोळ घातला असणार, असं म्हणून तिनं मनातल्या मनात दोघांनाही झापलं आणि रानाकडं निघालेल्या एका टेम्पोत चढली.

शेत चार एकरांचं. ज्वारी छातीला लागलेली, कडेनं करडई, आणि मधोमध कडब्याच्या पेंढ्यांची कोप. कोपीत चुन्यानं रंगवलेल्या पाच दगडांचे पांडव मांडलेले होते. अव्वानं, म्हणजे तिच्या आईनं, इरम्मानं, भज्जीचं पातेलं उघडलं होतं आणि त्या वासानं शिवांजलीची भूक खवळली. अप्पा, शरणप्पा, धोतर सावरत आंबिलीचं मडकं नीट बसवत होते. सगळं दरवर्षीसारखं. तिनं पिशवी खाली ठेवली, पदर खोचला, आणि सहज उताराकडं बघितलं.

तिथं झाड होतं.

उताराला अठरा गुंठ्यांचा तुकडा चिबड होता. वरच्या अंगाला पाझर तलाव झाला तेव्हापासून तो बारा महिने ओल धरून बसलेला. लव्हाळा आणि पाणकणीस सोडून तिथं काही उगवत नसे. चार वर्षांपूर्वी तिनं स्वतः हे शेत मोजलं होतं. गुडघाभर गाळात धुळाप्पा काठी धरून उभा होता आणि तिला शिव्या घालत होता. त्या तुकड्यात झाड नव्हतं, हे तिला स्वतःच्या नावाइतकं पक्कं ठाऊक होतं.

आणि हे काही एका वर्षात उगवलेलं रोपटं नव्हतं. दोन पुरुष उंच, सालीचा रंग शेवाळलेल्या दगडाचा. मुळं गाळातून गुडघ्यांसारखी वर येऊन पुन्हा गाळात शिरलेली. सगळी पानं खाली तोंड करून होती. वाऱ्यानं ज्वारी सळसळत होती, पण झाडाचं पान हलत नव्हतं. भर उन्हात त्या पानांतून पाणी ठिबकत होतं, एका लयीत. डावीकडची एक फांदी मध्येच चमत्कारिक वळलेली होती, मोडून वाकडी बसलेल्या हातासारखी.

हे कुणी लावलं, असं तिनं विचारलं तेव्हा अव्वा हसली. "लावतंय कोण त्याला? तुझ्या जन्माच्या आधीपासनं हाय की. त्या वाकड्या फांदीला तुझा झोका असायचा."

"आणि धुळाप्पा कुठं गेला?"

"कोण धुळाप्पा?"

शिवांजलीला वाटलं, चाललीय थट्टा. या घराला तिची सवयच होती. धुळाप्पा ज्वारीत दडून बसला असेल आणि आता हसत बाहेर येईल. म्हणून तीही थोडा वेळ हसली. मग चिडली. शेवटी अप्पांनी तिला बाजूला घेतलं. अप्पा थट्टेतले नव्हते. ते म्हणाले, "पोरी, उन्हाचं आलीस, जरा पाणी पी. तू आमाला एकलीच. दुसरं लेकरू देवानं दिलं न्हाय."

शेजारच्या शेतातला व्यंकट आंबील प्यायला आला होता. पहिलीपासून दहावीपर्यंत धुळाप्पाच्या बाकावर बसलेला माणूस. तिनं त्याला विचारलं. तो आधी अव्वाकडं बघायला लागला, मग हळू आवाजात म्हणाला, की त्याच्या बाकावर दुसरं कुणी बसतच नव्हतं. का कोण जाणे, पण अर्धा बाक कायम रिकामा असायचा.

इतक्यात अव्वानं ताटं मांडली. चार. पांडवांचा नैवेद्य वेगळा होता आणि व्यंकट जेवून आलेला होता. हे चौथं कुणाचं, असं शिवांजलीनं विचारलं तर अव्वा गोंधळली. हात चुकला म्हणत तिनं ताट परत टोपल्यात ठेवलं. थोड्या वेळानं शिवांजलीनं बघितलं तर ताटं पुन्हा चार झाली होती.

आता तिनं आपलं नेहमीचं केलं. कागद काढला. मोजणीच्या नकाशाचा फोटो मोबाईलमध्ये होता. चारी बाजू, खुणा, मापं, सगळं तिच्याच हातचं. चिबडाच्या तुकड्यात एक गोल होता आणि त्यात तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'झाड'. खाली हजर असलेल्यांच्या सह्या होत्या. अप्पांची, व्यंकटची. दोन्हींच्या मधली एक ओळ कोरी होती. शिवांजली नकाशात कधी कोरी ओळ सोडत नसे.

मग तिनं गेल्या येळवशीचा व्हिडिओ लावला. आंबिलीची फेरी धुळाप्पा घालत होता आणि ती मागून चित्रण करत होती, हे तिला लख्ख आठवत होतं. चित्रात नुसतं गवत होतं, हलणारं, आणि त्यावर पडणारे आंबिलीचे शिंतोडे. शिंपडणारा हात कुठंच नव्हता. तिनं अप्पांना दाखवलं. ते म्हणाले, एका हातात फोन, दुसऱ्या हातानं शिंपडतीस, त्यात काय एवढं? मग चित्रात लव्हाळा दिसला आणि तिचा स्वतःचा आवाज आला, हसरा, कुणाला तरी दटावणारा. "अरे, ते पण घे की आत. नकाशावर आपलंच आहे."

तिनं ते वाक्य पुन्हा लावून ऐकलं.

येळवशीला आंबील शिंपडत शेताला फेरी घालतात. फेरीच्या आत आलं ते घराचं. पण त्यांच्या घरात चिबडाचा तुकडा नेहमी फेरीच्या बाहेर ठेवायचे. तिचा आजा तिथं पोचला की बांधाच्या आतून वळायचा. जे आत घेतलं ते आपलं होऊन जातं, आणि मग आपणही त्याचे होऊन जातो, एवढंच तो सांगायचा. शिवांजलीला हा अडाणीपणा वाटे. गेल्या वर्षी तिनंच हट्ट धरला. स्वतः मोजलेली जमीन, अठरा गुंठे, ती बाहेर का टाकायची? धुळाप्पा नको म्हणत होता. पण अक्कापुढं त्याचं कधी काही चाललं नव्हतं. तो चिखलात उतरला आणि फेरी पलीकडून घालून आला.

म्हणजे हे तिनंच केलं होतं, आणि वर्ष भरताच चिबडानं आपला माणूस नेला होता. छातीत कळ यावी तसा तो विचार आला आणि तिला रडूच फुटलं.

रडता रडता तिच्या लक्षात आलं, की त्याचा चेहरा नीट समोर येत नाहीये. पुढचा एक दात तुटका होता. वरचा की खालचा? लहानपणी हात मोडला होता, तो कशावरून पडून? त्याला अंघोळ घातलेली, त्याच्या पाठीत धपाटे घातलेले, आणि आता ती एकेक गोष्ट धरायला जावं तर हातात ओला लव्हाळा येत होता. या सगळ्या जगात त्याला ओळखणारी ती एकटीच उरली होती, आणि तीही विसरायला लागली होती. तिनं पर्समधून पेन काढलं आणि डाव्या तळव्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'धुळाप्पा'.

कोपीत नवा कोरा बिंदगा होता. तो कुणी आणला हे अव्वाला सांगता येईना. तो बघून शिवांजलीला धीर आला. तो आणणारा कुणीतरी होता तर.

तिनं हिशेब केला, सरळ, मोजणीतली चूक दुरुस्त करावी तसा. आत घेतल्यानं गेला, तर बाहेर ठेवल्यानं परत येईल. यंदा चिबड बाहेर.

"आण की बिंदगा, ऊन चढायलंय," अप्पा म्हणाले. "दरसाल तूच घालतीस फेरी."

तिनं आंबील भरून घेतली. कडुनिंबाच्या डहाळीनं शिंपडत ती वरच्या बांधानं निघाली. "ओलगे, ओलगे," अशी येळवशीची आरोळी ती देत होती, आणि शिवारभर दूरदूरच्या शेतांतून तेच ओरडणं येत होतं. बिंदगा काखेत होता आणि नाव लिहिलेली डावी मूठ घट्ट मिटलेली होती. पूर्वेचा बांध झाला. करडई संपली. पायाखालची माती मऊ लागायला लागली.

झाड दहा पावलांवर होतं. आजा वळायचा तिथंच ती आतून वळली.

ठिबकणं थांबलं.

"ओलगे, ओलगे," ती म्हणाली.

मागून कुणीतरी तेच म्हटलं. आवाज पाण्याखालून आल्यासारखा जड होता, पण तो तिच्या ओळखीचा होता.

ती थांबली. वळली नाही.

"अक्का," तो आवाज म्हणाला, "मला पण घे की आत."

हा त्याचा आवाज होता, की चिबडानं त्याचा आवाज घेतला होता? तिला कळेना. मागं वळून चिखलात उतरावं, पलीकडून जावं, दोन मिनिटांचं काम. पण मागच्या वर्षी तेच केलं होतं आणि त्याचं काय झालं ते समोर होतं. घेतलं तर चिबड घरात येतं. न घेतलं तर? तिनं मुठीकडं बघितलं. डोळ्यांतून पाणी चाललेलं होतं.

"थांब," ती म्हणाली. "फेरी पुरी होऊ दे. मग येशील."



तिनं डहाळी बुडवली, शिंपडली, पाऊल टाकलं. पुन्हा शिंपडली. पश्चिमेचा बांध लागला.

कोपीपाशी फेरी पुरी झाली.

उरलेली आंबील तिनं पांडवांपुढं ओतली आणि कपाळावरचा घाम पुसला. फेरी चांगली झाली होती. डोळे का चुरचुरताहेत ते तिला कळलं नाही. ऊन असेल. उताराला झाड होतं, लहानपणापासून होतं तसंच, आणि त्याच्या वाकड्या फांदीवरून ठिबक चालू होती. तिथं आपला झोका असायचा, हे आठवून तिला बरं वाटलं.

अव्वानं ताटं मांडली होती.

"अव्वा, हे चौथं कुणाचं गं?"

इरम्मा ते ताट हातात घेऊन उभी राहिली. तिचे डोळे भरून आले होते. "कुणास ठाऊक, बाई. आज दिसभर हात असाच चुकायलाय."

वाटेनं जाणाऱ्या कुणाला तरी होईल, राहू दे, असं शिवांजली म्हणाली आणि हात धुवायला कोपीबाहेर गेली. डाव्या तळव्यावर निळ्या शाईनं एक नाव लिहिलेलं होतं. कुणा अर्जदाराचं असणार. फोनवर बोलता बोलता हातावर नाव टिपून ठेवायची तिला सवयच होती. कुठल्या गावचा, कुठली मोजणी, काही आठवेना. लागेल तर ऑफिसात कागद असेलच.

तिनं तांब्या कलता केला आणि अंगठ्यानं चोळून चोळून तळवा स्वच्छ केला. निळं पाणी सरीतून उताराकडं गेलं. मग ती जेवायला बसली.