डावीकडचा पासंग

काटेवाल्यांनी गाडी घ्यायचं नक्की केलं, तेव्हा बायकोने हातातलं भांडं खाली ठेवलं आणि विचारलं, "घेऊन करणार काय?"

"चालवणार."

"डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते विसरलात वाटतं?"

विसरले नव्हते. नजर कडांनी विझत चालली होती, डावीकडून जरा जास्तच. फार तर एक वर्ष, मग चावी दुसऱ्याच्या हातात द्या, असं बाईंनी स्वच्छ सांगितलं होतं. म्हणून तर घाई होती. सारा जन्म दुकानांमधले वजनकाटे दुरुस्त करण्यात गेला होता, आणि एवढ्या वर्षांत स्वतःसाठी त्यांनी एकच गोष्ट मागितली होती. शाळेत असताना फाटकासमोरून एक बुटकी, लांब नाकाची, दोघांपुरती स्पोर्ट्स कार गेली होती. ती गेली ती डोक्यातच जाऊन बसली.

"लोकांचे या वयात गुडघे धरतात, ह्यांना गाडीने धरलंय," बायको म्हणाली. पण डबा तिनेच भरला, आणि घरच्या जुन्या गाडीत डाव्या बाजूला तीच बसली. गेले काही महिने ती तिची जागाच झाली होती. वळण आलं की ते विचारायचे, "डावीकडे?" ती म्हणायची, "मोकळं आहे." मग ते गाडी काढायचे. दोघांनाही याची इतकी सवय झाली होती की मधलं बोलणं त्यामुळे तुटायचं नाही.

जुन्या गाड्या विकणाऱ्याची शेड गावाबाहेर कालव्याला लागून होती. वर पत्रा, खाली गुळगुळीत कोबा, आणि तेलाचा, रबराचा, जुन्या चामड्याचा वास. आत त्या गाडीच्या तीन पिढ्या एका ओळीत उभ्या होत्या. काटेवाल्यांनी मनातल्या मनात त्यांना थोरली, मधली आणि धाकटी करून टाकलं. थोरली अगदी पहिल्या घडणीची, लहान इंजिनाची आणि हलकी. मधलीला तेच अंग, पण इंजिन मोठं. धाकटी शेवटच्या वर्षांतली, जाड बंपरांची आणि गुबगुबीत आसनांची.

"तिन्ही चालवून बघा," शेडवाला म्हणाला.

"आधी तोलतो."

शेडवाल्याला वाटलं, हे थट्टा करताहेत. पण काटेवाल्यांनी आपल्या गाडीतून चार चपटे काटे काढले, एकेका चाकाखाली एकेक ठेवला आणि वायरी आकड्यांच्या पेटीला जोडल्या. पेटीवर डाव्या बाजूचं वजन वेगळं दिसे, उजव्या बाजूचं वेगळं. गाडी दोन्हीकडे सारखी बसली असेल तर वळणावर गोड वळते. अपघातात वाकलेली असेल तर इथेच बोलते. माणूस खोटं बोलेल, रंग खोटं बोलेल, काटा बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं.

थोरली चोख निघाली. धाकटीही. मधली डावीकडे त्रेचाळीस किलोंनी जास्त भरली.

त्यांनी काटे अदलाबदल करून पाहिले. जादा वजन डावीकडेच राहिलं. त्यांनी आपलं प्रमाणाचं वजन आणून चारही काट्यांवर ठेवलं. काटे तंतोतंत होते. मग सीटखाली हात घातला, डिकी उघडली, गालिचा उचलला, सांगाड्यावर बोटाने ठोकून पाहिलं. कुठे काही नव्हतं. एवढा पासंग एखाद्या मोडक्या तराजूलाही नसतो.

"डावीकडे बसतेच ती जरा," शेडवाला म्हणाला. त्याने गाडीकडे पाहिलं नाही. "म्हणून तर धाकटीपेक्षाही स्वस्त लावलीय. चालवायला मात्र तिन्हींत हीच."

"तुम्ही चालवता?"

"कधीमधी." तो थांबला. "डावीकडे नाही बसत मी कधी."

थोरली त्यांनी बायकोला शेजारी घेऊन कालव्याच्या रस्त्याने टेकडीपर्यंत नेली. हातात पाखरू धरावं तशी ती थरथरत होती, मजा आली. पण चढावर तिला धाप लागली. शिवाय अशा उरल्यात मोजक्या, म्हणून किंमत आभाळाला टेकलेली. धाकटी स्वस्त आणि सोशिक होती, पण स्टिअरिंगमधून रस्ता हाताला लागतच नव्हता. "दिवाणखान्यातला सोफा पळवतोय असं वाटतं," ते म्हणाले. "मला तर हीच आवडली," बायको म्हणाली.

मग मधली. बायकोने डावं दार उघडलं, एक पाय आत ठेवला आणि परत काढला.

"तुम्ही जाऊन या. मी बसते इथेच."

"का गं?"

"काय माहीत. दाटी वाटते."

रिकाम्या सीटकडे बघून त्यांना हसू आलं. ते एकटेच निघाले.

दुसरा गिअर पडला आणि सगळं हसू, सगळी गणितं मागे राहिली. इंजिन भरल्या गळ्याने गात होतं. रस्त्यावरचा खडा न् खडा तळहाताला कळत होता. चढ आला कधी आणि सरला कधी, पत्ता लागला नाही. फाटकासमोरून गेलेली ती हीच, याबद्दल काटेवाल्यांच्या मनात शंका उरली नाही. कितीतरी वर्षांनी ते मोठ्याने हसले.

टेकडीच्या पायथ्याशी रस्ता हमरस्त्याला मिळत होता. उजवीकडे वळायचं होतं. उजवी बाजू दिसत होती. डावीकडे ती नेहमीची राखाडी धूसर कड.

"डावीकडे?" त्यांनी विचारलं.

"मोकळं आहे."

त्यांनी गाडी काढली. तिसऱ्या गिअरपर्यंत आल्यावर त्यांना आठवलं, बायको शेडमध्ये बसली आहे.

आवाज बाईचा होता की पुरुषाचा, हे त्यांना सांगता आलं नसतं. साधा होता. कंटाळलेलाही नव्हता, प्रेमळही नव्हता. त्यांनी मान वळवून पाहिलं नाही. गाडी सरळ रेषेत चालली होती. पुढच्या चौकात त्यांनी पुन्हा विचारलं, या वेळी मुद्दाम.

"थांब."

त्यांनी ब्रेक दाबला. डावीकडून एक ट्रक नाकासमोरून सुसाट निघून गेला.

शेडमध्ये परतले तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. भीती वाटत होती, नाही असं नाही. पण भीतीच्या खाली दुसरंच काही उसळत होतं आणि ते जास्त जोरकस होतं. डॉक्टरीणबाईंचं वर्ष हे एकट्या माणसाचं वर्ष होतं. ही गाडी असेल तर दोन वर्षं. कदाचित चारही.

"हीच," ते म्हणाले.

"आधी घरी जाऊन विचार करा हवं तर," शेडवाला म्हणाला. गिऱ्हाईकाला असं सांगणारा विक्रेता त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. "आधी ज्यांनी नेली त्यांनीही आणून सोडलीच."

"मी नाही सोडणार."

घरची गाडी बायकोने शेडवाल्याच्या माणसाकडून घरी आणवली आणि स्वतः त्याच गाडीतून आली.

संध्याकाळी घराच्या गॅरेजात त्यांनी मधलीला पुन्हा काट्यांवर चढवलं. आपण बसल्यावर ती किती झुकते ते पाहून स्प्रिंगा लावायच्या होत्या. बायको दारात उभी राहून बघत होती. पेटीवर डावीकडे तेच होतं, त्रेचाळीस जास्त.

"हे काढणार कसं?"

"काढायचं कशाला? धडा करायचा. डब्याचं वजन आपण तेलात धरतो का? आधी काटा शून्यावर आणायचा, मग तोलायचं." त्यांनी बटण दाबलं. दोन्ही आकडे शून्य झाले. "झालं. आता नाही."

"असलेलं नसल्यासारखं करून चालतं?"

"माझा धंदा तोच आहे."

ती चहा टाकायला आत गेली. ते मागच्या नळावर हात धुवायला गेले. साबणाने ऑइल निघेना म्हणून राखेने घासले. मनात उद्याचा रस्ता आखत होते: कालवा, टेकडी, मग पलीकडचा उतार.

परत आले तर पेटीवर उजवीकडे शून्य होतं.

डावीकडे उणे त्रेचाळीस.

त्यांनी प्रमाणाचं वजन आणलं. डावीकडच्या एका काट्याच्या कडेवर ठेवलं. आकडा तेवढ्याने वर आला. उचललं. पुन्हा उणे त्रेचाळीस.

काटा बरोबर होता.

गाडीचं डावं दार बंद होतं. गॅरेजातून घरात जाणारं दार उघडं होतं, पण ते त्यांनी स्वतःच उघडं टाकलं होतं. बहुतेक.

ते उठून उभे राहिले. डाव्या बाजूला, कडेच्या त्या राखाडीत, थोडं गार वाटलं.

आतून पावलं आली. दारात बायको होती, दोन्ही हातांत एकेक कपबशी घेऊन. त्यांच्याकडे बघून तिने तोंड उघडलं आणि तशीच थबकली.

त्यांनी मान वळवली नाही.

"अगं," ते हळूच म्हणाले, "डावीकडे?"

त्यांच्या डाव्या खांद्यापलीकडे बघत ती एक पाऊल मागे सरली.