अठरा किलोमीटर, एकोणीस दगड

विश्वास ठेवू नका, चालेल. पण त्या दिवशी टेम्पो मी चालवत होतो.

मंगळवार. भर दुपार. भुतांसाठी अगदीच गैरसोयीची वेळ.

राजधानीपासून शेजारच्या गावापर्यंत आमच्या एवढ्याशा देशाचा राष्ट्रीय महामार्ग. नावात राष्ट्र, लांबी अठरा किलोमीटर.

मामा त्यावरचे किलोमीटरचे दगड रंगवायचा. पंधरा वर्षं रोजंदारीवर. त्या दिवशी साहेबांनी काम पास केलं, की नोकरी कायम.

मामाची पद्धत ठरलेली. सकाळी जाताना दगडांना पांढऱ्या रंगाचा हात मारायचा. दुपारी गावाकडून परत येताना काळे आकडे घालायचे. अठरा, सतरा, सोळा... दगड वेगळे मोजायचे कशाला?

राजधानी जवळ आली. त्यानं 'एक' घातला आणि कंबर सरळ केली.

पुढे आणखी एक दगड होता...

पांढरा. कोरा.

मामा म्हणाला, "सकाळी मी एक जास्त रंगवलाय."

चार वाजता साहेब येणार होते. आम्ही उलटे फिरलो, टेम्पोचा मीटर बघत. अकरा आणि बाराच्या मध्ये अंतर निघालं...

दोनशे मीटर.

मामानं अकरावर हात ठेवला. बाकीचे दगड उन्हात तव्यासारखे तापलेले. हा गार.

आणि मामाचा हात वरखाली होत होता... सावकाश.

मी म्हटलं, मामा, चल.

"थांब. कुणाच्या तरी पाठीवर आकडा घातलाय मी."

त्यानं रॉकेलच्या फडक्यानं तो हळूच पुसला. माफी मागितली, तीही अहो-जाहो करून. मामीला वीस वर्षांत हा मान मिळालेला नाही.

मग राजधानीपर्यंतचे सगळे आकडे पुन्हा घातले. घाम पुसतोय तोवर साहेब हजर.

त्यांची जीप पुढे, आम्ही मागे. अकराच्या पलीकडची ती जागा रिकामी होती. गवत तेवढं दबलेलं...

अठरापुढे जीप थांबली. गावाच्या पाटीखाली एक कोरा दगड. रॉकेलचा वास येत होता...

साहेबांनी विचारलं, हा कुणाचा?

मामाची पंधरा वर्षं त्या एका उत्तरावर टांगलेली.

मामा शांतपणे म्हणाला, "आपल्या खात्याचा नाही, साहेब."

साहेबांना पटलं. दुसऱ्या खात्याच्या वस्तूकडे बघायचं नसतं, हे त्यांना माहीत होतं. सही झाली.

परत निघालो. रस्ता सपाट. मागे फक्त रिकामे डबे.

टेम्पो दुसऱ्या गिअरच्या वर जाईना...

मी आरशाकडे मान वळवली. मामानं माझी हनुवटी धरून पुढे केली.

"मागे बघू नकोस. सही झालीये."

मामा कायम झाला.

टेम्पो घरामागे उभा आहे. मागची चाकं रोज बोटभर जमिनीत जातायत...

मी अजून आत बघितलेलं नाही.