चुलीकडची जागा

नवं घर आधी भाजून काढावं लागतं. आमच्या कोरियात, वोंजू शहरात, आता कुणी नव्या इमारतीत तसंच राहायला जात नाही. खिडक्या बंद करायच्या, कपाटांची दारं आणि खण सगळे उघडे ठेवायचे, फरशीखालचं गरम पाणी पूर्ण सोडायचं आणि सात-आठ तास घर तापू द्यायचं. मग खिडक्या उघडायच्या. रंगाचा, डिंकाचा, कच्च्या लाकडाचा वास डोळ्यांना झोंबत बाहेर पडतो. असं पाच दिवस.

माझी नात हारिम तेव्हा बाळंतीण होती. तिचा नवरा जहाजावर, आई चार वर्षांपूर्वी गेलेली. पोराला घेऊन ती शनिवारी नव्या घरी येणार होती, म्हणून भाजायचं काम माझ्याकडे आलं. मला अक्षर येत नाही. हारिमने भिंतीवरच्या बटणाला लाल टिकली चिकटवून ठेवली होती. सकाळी आठच्या बसने जायचे, टिकली दाबायचे, खाली म्हाताऱ्यांच्या खोलीत पत्ते खेळायचे आणि चारला वर येऊन खिडक्या उघडायचे. हेच काम.

माझ्या पायांचंही सांगायला हवं. साखरेच्या आजारामुळे अकरा वर्षं माझ्या तळव्यांना काही कळत नाही. ना गार, ना गरम. डॉक्टरांनी बजावलं होतं की तापल्या फरशीवर झोपू नका, भाजेल आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही. मला त्याचं काही वाटलं नव्हतं. मला तशीही फारशा गोष्टींचं काही वाटत नाही.

चौथ्या दिवशी खिडक्या उघडून तास झाला होता. बाहेर उणे चौदा. घर इतकं गार पडलं होतं की तोंडातून वाफ निघत होती. कपाटांची दारं लावत लावत मी लहान खोलीत शिरले आणि भिंतीच्या कडेला माझ्या डाव्या पायाला ऊब लागली.

मी उभीच राहिले.

मग खाली बसून हाताने चाचपलं. हाताला फरशी बर्फासारखी. पाय टेकला की ऊब. मोजे काढून पायानेच कड शोधत गेले. भिंतीला लागून साडेतीन हात लांब, मध्ये वाकलेली जागा. गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर झोपलेलं माणूस असतं ना, तेवढी. फार मोठं माणूस नव्हे.

इमारतीच्या दुरुस्तीला प्यो नावाचे एक गृहस्थ होते. ते उष्णता दिसणारा कॅमेरा घेऊन आले. आल्याआल्या म्हणाले, "आजी, वरच्या मजल्यावरचे गार-गार म्हणून माझं डोकं खातात, आणि तुम्ही ऊब मिळते म्हणून तक्रार करताय होय?" त्यांनी पाणी सोडून चित्र दाखवलं. नळ शेवयांच्या वेटोळ्यासारखे खोलीभर पसरले होते, फक्त भिंतीकडेला काळं होतं.

"इथे नळच नाहीत. इथे कपाट बसायचंय, म्हणून वळवून घेतलेत. इथे तापायला खाली काही नाहीच, आजी."

मी त्यांना तिथे उभं केलं. त्यांना काही लागलं नाही. ते गेले.

मला मात्र तेव्हाच कळलं होतं. कळलं, पण दचकले वगैरे नाही.

एकाहत्तर सालची गोष्ट. मला पहिली मुलगी झाली, हारिमची आई. सासऱ्यांनी बाळंतपणासाठी मागे नवी खोली बांधली होती. चुलीची धग फरशीखालच्या पोकळीतून जायची, वर दगड आणि मातीचं लिंपण. असं नवं लिंपण दहा दिवस जाळ लावून वाळवतात आणि मगच कुणी झोपतं. आम्ही सहा दिवस वाळवलं. चुलीत तेव्हा लाकूड नव्हतं, भोकाभोकांच्या कोळशाच्या वड्या होत्या.

माझी धाकटी बहीण जोमरे माझ्या मदतीला म्हणून शहरातून आली. केसांचे टोप करायच्या कारखान्यात होती ती. बस चुकली म्हणून बर्फातून चालत आली, ओठ निळे पडलेले. चुलीकडची जागा बाळंतिणीची असते, ती माझी होती. आल्यागेल्याला, थकल्याभागल्याला तीच जागा द्यायची हीसुद्धा आमची रीत. मी म्हटलं, तू झोप चुलीकडे. ती नको-नको म्हणत होती. "ताई, ती तुझी जागा आहे." मी तिला ढकललंच म्हणा ना. मी आणि पोर दारापाशी झोपलो. दाराला लावलेल्या कागदाला फट होती, तिथून रात्रभर वारा येत होता.

ओलं लिंपण तडकलं होतं, आणि चुलीकडच्या भेगांतून कोळशाचा विषारी धूर रात्रभर वर येत राहिला. सकाळी जोमरे कुशीवर होती, गुडघे पोटाशी, गाल लालबुंद. इतकी छान ती कधी दिसली नव्हती. सासूने तिच्या तोंडात मुळ्याच्या लोणच्याचं पाणी ओतलं, कोळसा बाधला की तेव्हा तोच उपाय असायचा. ते ओठांतून तसंच बाहेर आलं. मी रडले नाही. दूध भरून आलं होतं, पोरीला पाजायला घेतलं.

शनिवारी हारिम आली. पोर आल्यापासून रडत होतं. दोन दिवस आम्ही आळीपाळीने त्याला खांद्यावर घेऊन फिरलो. सोमवारी मी बाळंतिणीसाठी समुद्री शेवाळाचं सार ढवळत होते आणि एकाएकी घर शांत झालं. जाऊन पाहिलं तर हारिमने त्याची गादी लहान खोलीत, भिंतीकडेला टाकलेली.

"बघ आजी, इथे ठेवलं की कसा गप्प होतो लबाड."

मी म्हटलं, तिथे नको. तिने कारण विचारलं. मी सगळं सांगितलं, आत्ता सांगितलं तसंच. तिने ऐकून घेतलं, माझा पाय मांडीवर घेऊन चोळला.

"आजी, आता कोळसा कुठे राहिलाय? खाली नुसतं पाणी आहे. आणि मावशीआजी आलीच असेल तर येऊ दे की. मदतीलाच निघाली होती ना बिचारी?"

मी पाय मागे घेतला आणि सार उतरवायला उठले.

पण पोर तिथे दुधालाही उठेना. चार तास, पाच तास. हारिम म्हणायची, झोपतंय तर झोपू दे, मीही झोपते. तिसऱ्या दिवशी मी त्याला उचललं तेव्हा त्याची मान माझ्या हातावर ओल्या फडक्यासारखी पडली. गाल लालबुंद... मी त्याच्या तळव्याला टिचकी मारली. दुसरी मारली. चौथीला ते कुरकुरलं.

मोठ्या खोलीत नेलं तर श्वास कोंडेपर्यंत रडे. माझ्या घरी चल म्हटलं तर हारिम म्हणाली, "तुझ्या खिडक्यांतून वारा येतो आणि तू मला शहाणपण शिकवतेस?" शेवटी एवढंच कबूल केलं तिने, की गादी त्याच खोलीत पण दारापाशी ठेवायची. उबेच्या कडेपासून गादीपर्यंत नऊ विती अंतर. तिथे पोर रडे, पण दुधाला उठे.

आणि त्या दुपारी मीच जाऊन भिंतीकडेला आडवी झाले. ती जागा माझीच होती ना. रिकामी राहिली म्हणूनच पोराला ओढत असेल, तर आता भरू दे, असं मनात आलं. बाकी काही वाटत नव्हतं, भीतीसुद्धा नाही. पाठीला ऊब लागली. पन्नास वर्षांत पाठीला अशी ऊब लागली नव्हती. मी कुशीवर वळले, गुडघे पोटाशी घेतले. भिंत आणि ती ऊब यांच्या मध्ये मला जागा पुरेना.

मी हळूच म्हटलं, "जोमरे... सरक थोडी."

ती सरकली.

माझ्या पाठीमागची फरशी वीतभर गार पडली. मला नीट ऐसपैस जागा झाली.

तेव्हापासून रोज दुपारी मी तिथे झोपायचे, सरक म्हणायचे आणि ती सरकायची. भिंतीकडे सरकायला जागा नव्हती, भिंतीकडे मी असायचे; ती सरकत होती गादीकडे. हे माझ्या लक्षात यायला पाच दिवस लागले... नंतर मी म्हणायचं बंद केलं. झोपायचंही बंद केलं. खोलीत नुसती बसून राहिले, गादीवर हात ठेवून.

आज सकाळी मोजे काढले, पायाने उबेची कड शोधली आणि गादीपर्यंत मोजलं. दोन विती उरल्यात.

आणि पोर पहाटेपासून रडलेलं नाही.